दहाच्या चहाला बुडालेला नांगर

पोर्ट एलर्टनला इतिहास आहे आणि तो मंगळवार ते शनिवार, सकाळी नऊ ते दोन उघडा असतो. रविवार-सोमवार गावाला इतिहास नसतो. कारण जुन्या जकात कचेरीची किल्ली यव्होन बॅटर्सबी बाईंच्या पर्समध्ये असते आणि ती पर्स त्या दोन दिवशी लेकीकडे गेलेली असते.

बाई इतिहास मंडळाच्या अध्यक्षा. त्याआधी शाळेत शिक्षिका आणि मग तीस वर्षं मुख्याध्यापिका; आता ऐंशी ओलांडलेल्या. त्यामुळे निम्मं गाव त्यांच्यासमोर अजूनही हात मागे बांधून उभं राहतं. इतिहास त्या सांभाळत, पण तो पायी चालवायचं काम क्लॅरी हॉस्किंगकडे होतं.

क्लॅरी बहात्तर वर्षांचा. त्यातली अडतीस वर्षं त्याने धक्क्यावर क्रेन चालवली. निवृत्त झाल्यावर बाकीचे लोक मासे पकडायला लागले, क्लॅरी पर्यटक पकडायला लागला. उन्हाळ्यात मोठमोठी प्रवासी जहाजं सहा तासांसाठी धक्क्याला लागत आणि हजारभर माणसं एकदम गावात सांडत. त्यांना बघायला गावात तसं काही नव्हतं. गव्हाचे सायलो, म्हणजे मनोऱ्याएवढी कोठारं होती, एक बेकरी होती आणि वारा होता. मग क्लॅरी सोनेरी गुंड्यांचा निळा कोट चढवायचा, तिरकी टोपी ठेवायचा आणि कॅप्टन सायलस ड्युरंट व्हायचा.

हा ड्युरंट म्हणजे गावाचा मूळपुरुष. १८७४ साली ‘मार्गारेट गेल’ नावाचं शिडाचं जहाज घेऊन तो या खाडीत शिरला, त्याने नांगर टाकला आणि किनाऱ्याकडे बोट करून म्हणाला, ‘इथे शहर उभं राहील.’ असं गाव म्हणतं. त्याच्या स्वतःच्या रोजनिशीत त्या दिवशी एवढंच लिहिलंय की पिण्याचं पाणी संपलं आहे आणि स्वयंपाकी पळून गेला आहे. रोजनिशीचं ते पान जकात कचेरीत काचेखाली ठेवलेलं आहे, पण काचेवर नेमका तिथेच उजेड पडतो, त्यामुळे वाचता येत नाही. दिवा बाईंनी लावून घेतलाय.

फेरी बरोबर सव्वा तासाची. जकात कचेरी, जुनी बँक, जळालेलं हॉटेल, न जळालेलं हॉटेल, आणि शेवटी किनाऱ्यावरच्या हिरवळीवर, झेंड्याच्या काठीखाली, तो नांगर. माणसाच्या दीडपट उंच, काळाकुळकुळीत, खाली पितळी पाटी. क्लॅरी तिथे थांबायचा, आवाज खाली आणायचा आणि म्हणायचा, "हाच तो ‘मार्गारेट गेल’चा नांगर, मंडळी. हात लावा. दीडशे वर्षांचं लोखंड आहे."

माणसं हात लावायची. काही बायका डोळे मिटून लावायच्या. आणि दर वेळी, नेमक्या त्या क्षणी, क्लॅरी नांगराकडे पाठ फिरवायचा.

कारण हा तो नांगर नव्हताच. खरा नांगर धक्क्यापासून वीस पावलांवर, समुद्राच्या तळाशी पडला होता. आणि तो क्लॅरीनेच पाडला होता.

झालं होतं असं. १९७४ साली गाव शंभर वर्षांचं झालं. तोवर नांगर जुन्या धक्क्याच्या पार टोकाला, सिमेंटमध्ये रोवलेला होता. सीगल सोडले तर त्याला कुणी विचारत नव्हतं, आणि सीगल काय विचारत होते ते त्याच्याकडे बघून कळत होतं. शताब्दीला खुद्द गव्हर्नर येणार म्हटल्यावर मंडळाने ठरवलं की नांगर किनाऱ्यावर आणायचा. क्रेनवर होता बावीस वर्षांचा क्लॅरी, नोकरीचा तिसरा आठवडा. सिमेंट फोडलं, साखळी बांधली, नांगर उचलला. क्रेनचा हात वळला. नांगर पाण्यावर लोंबकळत असताना दहाचा भोंगा झाला.

दहाचा भोंगा म्हणजे स्मोको. चहा, बिडी-काडी आणि पंधरा मिनिटं. ही पंधरा मिनिटं क्लॅरीच्या आजोबांच्या काळात युनियनने अकरा आठवडे संप करून मिळवलेली. त्यामुळे धक्क्यावर नियम असा की भोंगा झाला की जे जिथे असेल ते तिथेच राहील. पोतं खांद्यावर असेल तर खाली टाकायचं, शिवी तोंडात असेल तर चहानंतर पुरी करायची. भोंग्यानंतर अर्धा मिनिट जास्त काम करणाऱ्या माणसाशी कुणी महिनाभर बोलत नसे. क्लॅरीला धक्क्यावर जन्म काढायचा होता. त्याने ब्रेक लावला आणि खाली उतरला.

बिस्किट चहात बुडवलं आणि मागे ‘धबाक्’ झालं.

सहा जण बसले होते. एकानेही मान वळवली नाही. सुट्टीची अजून बारा मिनिटं शिल्लक होती.

बारा मिनिटांनी मुकादम जॅक स्लोमनने कप उपडा करून झटकला आणि म्हणाला, "पोरा, तुझ्या क्रेनला मघाशी काहीतरी लटकत होतं ना रे?"

क्लॅरीने उरलेलं बिस्किट कपातच सोडलं. जॅक उठला, धक्क्याच्या कडेला गेला, पाण्याकडे पाहिलं, डोकं खाजवलं.

"आठ वाव पाणी आणि खाली चिखल," तो म्हणाला. "गव्हर्नर शनिवारी. पाणबुड्या यायचा दोन आठवड्यांनी." मग थोडं थांबून म्हणाला, "दुरुस्तीच्या शेडमध्ये गाळ काढायच्या बोटीचा एक नांगर पडलाय, नाही का?"

"पण तो वेगळा दिसतो," क्लॅरी कसाबसा बोलला.

"कुणाला दिसतो? या गावात नांगराकडे बघितलंय कुणी? त्याला काळा रंग दे दोन हात. काळ्या रंगात सगळेच म्हातारे दिसतात."

शनिवारी गव्हर्नरने गाळाच्या बोटीच्या नांगरावर हात ठेवला आणि इतिहासाचा स्पर्श झाल्याचं भाषणात सांगितलं. तेव्हाच्या अध्यक्षांनी डोळे पुसले. त्याच संध्याकाळी न जळालेल्या हॉटेलात सहा जणांनी बिअरच्या ग्लासवर शपथ घेतली, आणि त्या दिवसापासून क्लॅरीला धक्क्यावर ‘पीस’ हे नाव पडलं. गावाला वाटायचं, काय हलक्या हाताने वजन खाली ठेवतो म्हणून ‘पीस’! क्लॅरी लाजायचा. गावाला वाटायचं, काय हा विनय!

तेव्हापासून क्लॅरीने दहाचा चहा सोडला. पन्नास वर्षं. भोंगा झाला की घशाला कोरड पडायची, पण चहा उतरायचा नाही. त्याची बायको ग्लेनिस हे पित्तामुळे होतंय असं धरून चालली होती आणि दर वर्षी नवीन चूर्ण आणत होती.

एकेक करून पाच जण गेले. जॅक स्लोमनच्या नावाचा बाक धक्क्यावर बसवला गेला. ‘जॅक स्लोमन, सरळ माणूस’, अशी त्यावर पाटी. आता जाणता उरला तो क्लॅरी एकटा. आणि त्याने काय करावं? चोराने वॉचमनची नोकरी धरावी तसा तो इतिहास मंडळात स्वयंसेवक झाला. नांगराची गोष्ट आपणच सांगत राहिलो तर दुसरं कुणी विचारणार नाही, असा हिशोब. बारा वर्षं तो बरोबर चालला होता.

फेरीत क्लॅरीला घाबरवणारी व्यक्ती एकच, नोरीन आंटी. ही काही त्याची आंटी नव्हे, शाळेत त्याच्याच वर्गात होती. पण तिच्या लोकांत मोठ्या बाईला मानाने आंटी म्हणतात, आणि तिचे लोक ‘मार्गारेट गेल’ यायच्या आधी काही हजार वर्षं या किनाऱ्यावर मासे खात होते. नोरीन रोज सकाळी समुद्राच्या कठड्यावर गळ टाकून बसायची. कॅप्टनच्या वेशातला क्लॅरी माणसांचा लोंढा घेऊन समोरून गेला की तिची सुरुवात व्हायची.

"काय कॅप्टन, पाणी मिळालं का?"

"मिळालं हो मिळालं," क्लॅरी पाय उचलायचा.

"मिळणारच! माझ्या खापरपणजीने झरा दाखवला तुला. लाकडी भांडं भरून दिलं. ते भांडं अजून परत आलेलं नाही."

माणसं हसायची. ओहोटी असली की नोरीनच्या मागे, खाडीच्या तोंडाशी, दगडांची एक लांब अर्धगोल रांग पाण्यातून वर यायची. कुणीतरी विचारायचं, हे काय? क्लॅरी म्हणायचा, "खडक आहेत. चला, नांगराकडे."

यंदा गाव दीडशे वर्षांचं झालं आणि बाईंच्या डोक्यात आलं की नांगराची शास्त्रशुद्ध तपासणी करून प्रमाणपत्र घ्यावं. शेजारच्या बंदरगावाकडे नुसती तोफ होती, तीही प्रमाणपत्राशिवाय. त्यांची चांगली जिरली असती. ॲडलेडहून डॉ. आनिका वॉस नावाची पस्तिशीची बाई आली. बुडालेल्या जहाजांवर तिचा अभ्यास. तिच्याकडे एक छोटी सुरी होती.

"रंग जरा खरवडते," ती म्हणाली.

क्लॅरी कॅप्टनच्या वेशात बाजूला उभा होता. त्याला वाटलं, ती आपल्यालाच खरवडतेय.

सेवा क्लबवाले दर वर्षी नांगराला एक हात काळा रंग देत. डॉ. वॉसने झाडाची वर्तुळं मोजावीत तसे रंगाचे थर मोजले. एक्कावन्न. बावन्नावा थर नारिंगी निघाला. आणि नारिंगीच्या खाली ठसा होता, ‘गाळ उपसा विभाग, नग ४’.

बॅटर्सबी बाईंचा चेहरा शाळेत फळ्यावर कुणी काहीबाही लिहिलं की व्हायचा तसा झाला.

दोन दिवसांनी जकात कचेरीत बैठक बसली. टेबलावर खोबरं लावलेले लॅमिंग्टन केकचे चौकोन होते, पण कुणी हात लावत नव्हतं, यावरून प्रसंगाचं गांभीर्य कळावं.

"मी जुनी कागदपत्रं पाहिली," बाई म्हणाल्या. "एकोणीसशे चौऱ्याहत्तरला नांगर हलवला गेला. मुकादम होता जॅक स्लोमन. उघड आहे. त्याने खरा नांगर भंगारात विकला आणि गावाच्या तोंडाला काळं फासलं."

"काळा रंग दोन हात दिला," क्लॅरी पुटपुटला.

"काय म्हणालास?"

"काही नाही."

"मी ठराव मांडते," बाईंनी चष्मा नीट केला, "की धक्क्यावरच्या त्याच्या बाकाची पाटी काढावी. सरळ माणूस म्हणे!"

क्लॅरीला जॅकचा उपडा केलेला कप दिसला. आपल्याला तिसऱ्या आठवड्यात हाकलून द्यायच्या ऐवजी शेडची किल्ली शोधणारा जॅक दिसला. गप्प बसलं असतं तर टोपी राहिली असती, कोट राहिला असता, ‘पीस’ हे नाव राहिलं असतं. गेली असती फक्त मेलेल्या माणसाची पाटी. क्लॅरीने त्यावर तीन-चार सेकंद खरोखर विचार केला. हे वाचकांपासून झाकून ठेवायला नको.

मग तो उठला. बाईंच्या समोर असल्यामुळे हात आपोआप मागे गेले.

"जॅकने विकला नाही, बाई. मी पाडला. पाण्यात."

"तू? क्रेनवर? तुला तर पीस म्हणतात."

"म्हणूनच म्हणतात."

"कसा पाडलास?" खजिनदाराने विचारलं.

"लटकत होता आणि दहाचा भोंगा झाला."

आता या बैठकीत अकरा जण होते आणि त्यातले सात धक्क्यावर काम केलेले. ते सातही जण एकदम सैल झाले.

"अरे मग! भोंगा झाला होता तर," खजिनदार म्हणाला, "त्यात तुझी काय चूक?"

"काय चूक म्हणजे?" बाई कडाडल्या. "बारा वर्षं हा माणूस पाहुण्यांना गाळाच्या बोटीला हात लावायला लावतोय! टोपी काढ, क्लॅरी. कोटसुद्धा."

क्लॅरीने दोन्ही काढून टेबलावर ठेवले. खाली ग्लेनिसने विणलेला स्वेटर होता. स्वेटरवर त्याला कॅप्टन कुणी म्हटलं नसतं.

घरी त्याने सगळं सांगितलं. ग्लेनिसने चूर्णाच्या डब्यांचं कपाट उघडून बघितलं. "म्हणजे तुला पित्त नव्हतं?"

"नाही."

"पन्नास वर्षं मी चूर्णं आणतेय, क्लॅरी!"

"चवीला बरी होती."

जॅकची पाटी राहिली. क्लॅरीची फेरी बंद झाली. दुकानात गेला की लोक मध्येच बोलायचे थांबत, आणि न जळालेल्या हॉटेलात कुणीतरी दर वेळी मागून ‘धबाक्’ म्हणे. तो घरीच बसू लागला. इकडे डॉ. वॉस मात्र खूश होती. खरा नांगर चिखलात असेल तर उत्तम टिकला असेल, ती म्हणाली. तिने पाणबुडे आणले आणि तिसऱ्या दिवशी त्यांना तो सापडला, क्लॅरीने सांगितलेल्या जागेपासून दोन हातांवर.

नांगर काढायच्या गुरुवारी अख्खं गाव घडीच्या खुर्च्या घेऊन धक्क्यावर आलं. सॉसेज भाजत होते. बाईंनी नवी पाटी आधीच घासून आणली होती. क्लॅरी सगळ्यात मागे, जॅकच्या बाकावर बसला होता. पाण्यातून साखळी वर आली, मग चिखलाने माखलेलं एक काळं शिंग वर आलं. घड्याळात पावणेदहा. क्लॅरीला राहवलं नाही. तो बाकावर उभा राहून क्रेनवाल्याला ओरडला, "दहाच्या आत खाली ठेव रे बाबा!"

धक्का हसला. पण क्रेनवाल्याने हात जरा भरभर चालवला.

डॉ. वॉसने पाण्याचा फवारा धरला. शिंपले गळले, चिखल गळला, आणि पूर्वी सिमेंटमध्ये गाडलेल्या भागावर ओतीव आकडे दिसले. १९०९.

सॉसेज करपल्याचा वास आला.

"ते वजन असेल," बॅटर्सबी बाई म्हणाल्या.

"वजन पलीकडे लिहिलंय," डॉ. वॉस हळूच म्हणाली. "हे साल आहे. हा एकोणीसशे चोवीसच्या, म्हणजे पन्नासाव्या वर्षाच्या समारंभात कुणीतरी कुठून तरी आणून बसवला असणार."

"मग ‘मार्गारेट गेल’चा नांगर कुठे आहे?"

"‘मार्गारेट गेल’बरोबर गेला असेल ना," डॉक्टरीण म्हणाली. "जहाज निघताना नांगर उचलून नेतं. इथेच ठेवून गेलं असतं तर पुढच्या बंदरात काय टाकलं असतं?"

धक्क्यावर चारशे माणसं होती. त्यात जहाजं बंदरात आणणारे सात पायलट, दोन बंदर अधिकारी, चाळीस कोळी आणि निवृत्त क्रेनवाले किती ते मोजलेच नव्हते. शंभर वर्षांत हे एकालाही सुचलं नव्हतं. बरेच जण बुटांकडे बघू लागले.

क्लॅरी बाकावरून उतरला. १९०९च्या जवळ गेला, बोट फिरवलं. "उचलला तेव्हा हे माझ्या नाकासमोरून गेलं होतं," तो म्हणाला. "वाचलं नाही. दहाला पाच कमी होती." मग त्याचा आवाज चढला. "म्हणजे पन्नास वर्षं माझ्या घशाखाली चहा उतरला नाही, तो दुसऱ्या कुणाच्या थापेसाठी? मी बुडवलं काय, तर खोटं! आणि त्याच्या जागी ठेवलं काय, तर तेही खोटं! चहाचे किती कप झाले, सांगा मला!"

"आता आकडेमोड नको," ग्लेनिसने त्याची बाही धरली. "घरी चल."

मंडळाने तीन बैठका घेतल्या. बाईंनी फायबरचा तिसरा नांगर करून घ्यावा असं सुचवलं, त्यावर ‘१८७४’ आपणच ओतून घ्यायचं, म्हणजे वाद नको. ठराव एका मताच्या फरकाने पडला. पण मंगळवारी अकराशे प्रवाशांचं जहाज येणार होतं आणि दुसऱ्या स्वयंसेवकाच्या कमरेचं ऑपरेशन झालं होतं. सोमवारी बाई स्वतः टोपी घेऊन क्लॅरीच्या दारात आल्या. सोमवारी, म्हणजे बघा.

"तू फेरी काढ," त्या म्हणाल्या. "फक्त नांगराजवळ जास्त बोलू नकोस."

"बरं बाई," क्लॅरी म्हणाला, आणि शाळेतसुद्धा तो असंच ‘बरं बाई’ म्हणून मग करायचं तेच करायचा, हे बाईंना आठवायला हवं होतं.

मंगळवारी साडेनऊला त्याने फेरी उलटीकडून काढली. आधी गाळाच्या बोटीचा नांगर, मग धक्क्यावर सुकत ठेवलेला १९०९चा नांगर. त्याने क्रेन सांगितली, भोंगा सांगितला, गव्हर्नरचं भाषण सांगितलं, काचेवरचा दिवासुद्धा सांगितला. माणसं पोट धरून हसली आणि दोन्ही नांगरांना मिठ्या मारून फोटो काढले. जकात कचेरीच्या खिडकीतला पडदा दोनदा हलला.

मग घोळका कठड्यापाशी आला. ओहोटी होती. दगडांची अर्धगोल रांग पाण्याबाहेर आली होती.

"काय कॅप्टन," नोरीनने गळ न हलवता विचारलं, "माझं भांडं?"

"शोधतोय. आतापर्यंत दोन नांगर सापडले," क्लॅरी म्हणाला. "मंडळी, आता या—"

सायलोवर दहाचा भोंगा झाला.

क्लॅरीने वाक्य जिथे होतं तिथे सोडलं. टोपी काढून कठड्यावर ठेवली आणि नोरीनच्या शेजारी बसला. नोरीनने काही न विचारता थर्मासचं झाकण भरून त्याच्या हातात दिलं. त्याने बिस्किट बुडवलं, कान दिला, मागे काही पडलं नाही, आणि तो चहा प्याला. अकराशेतले साठ जण उन्हात उभे.

"एक्स्क्यूज मी," एका बाईने शेवटी विचारलं, "ते दगड असे गोल का मांडलेत?"

क्लॅरीचं तोंड भरलेलं होतं. त्याने नोरीनकडे अंगठा केला.

नोरीनने रांगेकडे पाहिलं. "मासे अडवायला. भरतीबरोबर आत येतात, ओहोटीला अडकतात. माझ्या लोकांनी बांधलंय. कधी, ते त्या डॉक्टरणीला विचारा, ती आता हे दगडही तपासतेय, तिचे आकडे अजून चाललेत."

"आणि तेव्हापासून तसंच आहे? कुणी हलवलं नाही?"

"याच्या क्रेनच्या टापूत येत नाही ते," नोरीन म्हणाली.

"अजून सांगा ना!" बाईने फोन वर धरला. मागचे लोक पुढे सरकले.

नोरीनने थर्मासमधून स्वतःला ओतून घेतलं आणि सायलोवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"सांगते की," ती म्हणाली. "पण सुट्टीची अजून बारा मिनिटं आहेत."